खुराड्यातली घरघर

मिरकरवाड्याच्या खतीजाबीचं नाव आधी लिहून ठेवते, मग बाकीचं. माझी सवय उलटी आहे. कुठलीही गोष्ट सांगायला लागले की आधी मी स्वतःचं रडगाणं गाते, आणि ज्यानं हात दिला त्याचं नाव मला ऐकणारा जांभई देऊन उठला की आठवतं. या प्रकरणात तसं व्हायला नको. खतीजाबी उंच, रुंद खांद्यांची बाई होती. डोईवर बांबूची डाल, तोंडात पान, आणि दोन्ही कानांच्या कडांना वरपासून खालपर्यंत चांदीच्या बारीक बाळ्या. वाडीवाडीतून ती तलंगे गोळा करायची, म्हणजे अजून धड आरवायलाही न लागलेले कोवळे कोंबडे, आणि बंदरात बोट लागली की बोटीच्या भटारखान्यात नेऊन द्यायची. कोंबडं घेणारी दुसरी माणसं ते हातात तोलतात, छातीचं मांस चाचपतात. खतीजाबी आधी ते कानाशी धरायची. डोळे मिटून, पान चघळायचं थांबवून, चार श्वास ऐकायची आणि मग म्हणायची, "हा चांगला," नाहीतर काही न बोलता खाली सोडून द्यायची. तिच्या बाळ्या पिसांना लागून किणकिणत, आणि कोंबडंसुद्धा आपल्याबद्दल काय ठरतंय ते ऐकत असल्यासारखं गप्प राही. त्या कानानं माझा संसार वाचवला. कसा, ते कळायला आधी माझा मूर्खपणा सांगायला हवा, आणि त्याला पानं कमी पडणार नाहीत.

मी मूळची माणदेशातली. जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो, तिथली पोर रत्नागिरीच्या लाल कातळावर कशी येऊन पडली, असं मला आजही लोक विचारतात. उत्तर सोपं आहे. मुंबईच्या गिरणीत माझ्या वडिलांचा साचा आणि माझ्या सासऱ्यांचा साचा शेजारी शेजारी होता. दोघांनी एकमेकांना तंबाखू दिली, एकमेकांची आजारपणं काढली, आणि एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकानं मुलगी दिली, दुसऱ्यानं मुलगा दिला. वडील वर्षातून पंधरा दिवस घरी येत, तेही उन्हाळ्यात, त्यामुळे माझी छाती त्यांना कधी ऐकू आलीच नव्हती. बाकी सगळ्या गावाला ऐकू आली होती. मला लहानपणापासून दमा. शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती. ओढा कोरडाच असे, पण पुढे चढ होता, आणि तो चढून मी वर्गात बसले की पाढे म्हणणाऱ्या पोरांच्या आवाजात माझी शिट्टी वेगळी निघायची. शेवटी मास्तरांनी आईला निरोप धाडला, पोरगी हुशार आहे, पण वाजतीय फार, घरी ठेवा. अर्धी चौथी झाली होती. त्या साडेतीन इयत्तांच्या जोरावर हे सगळं लिहिते आहे, तेव्हा चुका पोटात घाला.

लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, समुद्राच्या हवेनं जाईल सगळं, सांगायची गरज नाही. पाठवताना तिनं मला तीन गोष्टी बजावल्या. पळायचं नाही. पोट धरून हसायचं नाही. आणि दम लागलाच तर चुलीकडे तोंड करून बसायचं, कुणी विचारलं तर धूर गेला म्हणायचं. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांखाली, ज्येष्ठमधाची पुरचुंडी. एवढी तयारी करून मी घाट उतरले. हवा अशी ओली की ट्रंकेवरच्या कड्यांनाही घाम आला होता, आणि समुद्राच्या ज्या हवेवर आईचा एवढा भरवसा होता ती पहिल्याच आठवड्यात माझ्या छातीत बिऱ्हाड करून बसली.

घरात आम्ही तिघी. सासरे आणि आमचे हे मुंबईला. लग्नानंतर आठव्या दिवशी हे गेले ते शिमग्याला येणार होते. राहिल्या सासूबाई, अकरा वर्षांची नणंद शेवंता आणि मी. सासूला मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे 'आत्याबाई' म्हणायची, त्यावर शेवंता पदर तोंडात कोंबून हसायची. सासूबाई लहान चणीच्या, काटक, बोलायला तोडून. खळं, म्हणजे अंगण, सारवलेलं, त्याला चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, पुढे पडवी. पडवीच्या एका टोकाला मी निजायची आणि माझ्या उशाच्या कुडापलीकडे कोंबड्यांचं खुराडं. सकाळी आधी माडांच्या झापांची सळसळ, मग खुराड्यातली खुसपूस, मग सासूबाईंचं जातं, आणि या सगळ्याच्या मागे लांबून, कुणीतरी मोठ्या सुपात तांदूळ पाखडत असावं तसा समुद्र. न्याहारीला गरम पेज, बरोबर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. दुपारी तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, वर ओलं खोबरं. मी ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेली. तांदळाची भाकरी मला पापडासारखी वाटे. पहिला महिनाभर जेवून उठल्यावर आपण अजून जेवायला बसायचे आहोत असंच वाटायचं. लाज वाटायची, पण ताट पुढे करायला हात कधी कचरला नाही. या खादाडपणाचा पुढे साक्षीदारासारखा उपयोग झाला, म्हणून सांगून ठेवते.

कोंबड्यांचं काम माझ्याकडे आलं. दोन कोंबड्यांच्या विणीतले अकरा तलंगे वेगळे काढून वाढवायला ठेवले होते. त्यांतले बहुतेक खतीजाबीच्या डालीत जायचे, दोन-तीन शिमग्याच्या पाहुण्यांना, आणि एक, सगळ्यांत देखणा तांबडा, राखणीला. राखण म्हणजे आपल्या जमिनीच्या राखणदाराला वर्षातून एकदा द्यायचा कोंबडा. तो धडधाकट हवा. लुळा, आंधळा, आजारी चालत नाही. मी या अकरांवर जीव लावला. परमुलखात आधी कोंबड्यांशीच बोलता येतं, कारण त्या तुमच्या बोलीला हसत नाहीत.

आणि भीती कसली होती तेही सांगते. वाडीत खालच्या अंगाला एक घर होतं. त्या घरची सून आदल्या वर्षी खोकायला लागली होती. गिरणीतून येणारे पुरुष छातीचा रोग घेऊन येत, त्याचा सगळ्या वाडीला धाक. तिला तिच्या बापाच्या दारात नेऊन पोचवली आणि तिची गोधडी बांधावर जाळली. सासूबाई हे मला जात्यावर बसून सांगायच्या, मुद्दाम नव्हे, दळता दळता माणूस काहीही सांगतं तसं. "क्षय व्हता तिला. वाजायची ती." मी समोर खुंटा धरून बसलेली. त्या दिवशी मी श्वास इतका जपून घेतला की पीठ भरड निघालं.

भाताची झोडणी झाली आणि घरभर तुसाचा बारीक कचरा उडायला लागला. मार्गशीर्षातली एक सकाळ. मी खुराड्याचं दार काढायला वाकले आणि छाती वाजायला लागली, चांगली जोरात. आतून सासूबाईंचा आवाज आला, "गो, ती घरघर कसली?"

चुलीकडे तोंड करायला चूल जवळ नव्हती. जवळ खुराडं होतं. मी म्हटलं, "कोंबड्यांची, आत्याबाई."

त्या बाहेर आल्या. तोवर मी श्वास गिळून उभी. त्यांनी वाकून आत पाहिलं. अकरा तलंगे एका ओळीत गप्प बसून आमच्याकडे बघत होते.

"आता कशी नाय वाजत?"

"माणूस आलं की गप होत्यात."

इतकं चटपटीत उत्तर मी शाळेत कधी दिलं नव्हतं. सासूबाईंनी तांबड्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "थंडी बाधली आसंल. राखण पौषात हाय, तवर बरी व्हायला हवीत. भोकं लिंपून घी. खाली तूस जाड घाल. सांजेला सोडणाची धुरी दी." सोडण म्हणजे नारळाचं काथ्याचं साल, पेटत नाही, नुसतं धुमसतं.

आता खरं बोलायची वेळ गेली होती, म्हणून मी खोट्याची सेवा मनापासून केली. चिऱ्याच्या खुराड्याला वाऱ्यासाठी सात भोकं ठेवलेली होती. सातही शेणमातीनं लिंपली, वरून हात फिरवून गुळगुळीत केली. तूस वीतभर घातलं. ते दंवानं ओलं झालं तरी बदललं नाही, उलट वर आणखी घातलं. सांजेला धुरी. सासूबाईंनी आलं, मिरी, ओवा आणि हळद कुटून गुळात गोळ्या वळून दिल्या, एकेका तलंग्याच्या नरड्यात एकेक घालायची. मी पाच तलंग्यांना दिल्या आणि सहा स्वतः खाल्ल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

आठ दिवस असे गेले आणि तलंगे खरोखर वाजायला लागले. आधी एक शिंकला. मग दुसऱ्याच्या नाकातून पाणी यायला लागलं, तिसऱ्याचा एक डोळा सुजून बंद झाला. मान वर ताणून, चोच उघडी टाकून श्वास ओढायचे, आणि प्रत्येक श्वासाला गळ्यात पाण्यातून हवा काढावी तसा आवाज. सकाळी खुराड्याचं दार काढलं की आतून अशी वाफ यायची की डोळ्यांना टचकन पाणी. दोन तलंगे मेले. मी त्यांना परसात पुरलं आणि तिथेच बसून रडले, रडल्यामुळे छाती वाजायला लागली, आणि शेवंता धावत जाऊन आईला सांगून आली की मेलेल्यातला एक अजून वाजतोय.

आता मी खेडला मुलाकडे असते. शेवंताच्या नातवानं गावाबाहेर ब्रॉयलरची शेड टाकली आहे, हजारांनी पिल्लं, दिव्यांखाली पिवळ्या मोहरीसारखी पसरलेली. मागच्या हिवाळ्यात त्यांना असाच श्वासाचा त्रास झाला तेव्हा जनावरांचा डॉक्टर आला होता. मी खुर्ची टाकून ऐकत बसले. तो तरुण मुलगा म्हणाला, आजी, या कोवळ्या पक्ष्यांना थंडीपेक्षा कोंडलेली हवा जास्त मारते. ओल्या तुसातून जी वाफ निघते ती त्यांच्या नाका-नरड्याची आतली कातडी खाते, मग रोग आत शिरायला वेळ लागत नाही. आधी पडदे वर करा, ओलं तूस काढा, औषध मग. मी मान डोलवली. हे सगळं मी साठ वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी, गुळगुळीत लिंपून सिद्ध केलं होतं, हे त्याला सांगितलं नाही. चहा मात्र दोनदा दिला.

राखण जवळ आली आणि तांबडाही शिंकायला लागला तेव्हा सासूबाईंनी खतीजाबीला निरोप धाडला. ती पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून आली, डाल उतरवली, खुराड्याकडे तोंड करून नाक फुगवलं आणि म्हणाली, "वयनी, हकडं कोण जळतंय?"

"धुरी दिलीय."

"कुणाला? भुताला?" तिनं दार काढलं, आत हात घालून मूठभर तूस काढलं, हुंगलं आणि टाकून दिलं. "ह्यांना थंडी नाय बाधली. तुम्ही ह्यांना जिते पुरलंत. भोकं कुठं गेली?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खतीजाबी भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "लिंपलान मात्र झकास. कुणी ग लिंपलान?" आणि तेवढ्यातल्या तेवढ्यात मला बरंही वाटलं, इतकी मी अक्कलशून्य.

कोयतीच्या टोकानं तिनं सातही भोकं पाडली. माझ्याकडून सगळं तूस बाहेर काढून घेतलं, खुराडं दिवसभर उन्हाला उघडं टाकायला लावलं. मग कोंबड्याचं एक लांब पीस घेऊन टोकाशी चिमूटभर ठेवून बाकी सोललं. ते कोमट खोबरेलात बुडवलं, तांबड्याला गुडघ्यांत धरून चोच उघडली, पीस नरड्यात घालून दोन वेढे दिले आणि बाहेर काढलं. पिसाला शेंबडाची दोरी. ती तिनं झाडाच्या पानाला पुसली. "असं सकाळ-संध्याकाळ. हात हलका ठेव बाय, तुझा हात चांगला हाय." त्या घरात आल्यापासून माझ्या कुठल्याही अवयवाला कुणी चांगलं म्हटलं होतं ते पहिल्यांदा. मी नऊ तलंग्यांची नरडी अशी साफ केली की देवाची भांडीसुद्धा कुणी एवढी घासत नसेल.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. सकाळची दहाची वेळ, खळ्यात ऊन आलेलं. ती पायरीवर बसली, मी एकेक तलंगा तिच्या हातात द्यायचा, सासूबाई समोर उभ्या, शेवंता गडग्यावर. तांबडा आधी. कानाशी धरला, बाळ्या किणकिणल्या. "चांगला." दुसरा. "चांगला." असं करत नऊच्या नऊ चांगले निघाले. आणि तरी खळ्यात घरघर चाललेलीच होती. सकाळपासून मी राहिलेल्या तुसाच्या पाट्या खतात नेऊन टाकल्या होत्या, त्यात ही परीक्षा. भीतीनं माझी छाती आणखीच वाजते, आजही.

सासूबाई म्हणाल्या, "मग हा आवाज कुठनं येतोय? वाजणारा शोध खतीजा. वाजणारं मना घरात नको. राखणीच्या दिवशी सगळी वाडी यायची हाय."

वाजणारं घरात नको. आणि त्या क्षणी मी आयुष्यातलं सर्वांत हलकट काम केलं. कोपऱ्यात एक कवड्या रंगाचा, अंगानं जरा बारीक तलंगा होता. मी त्याच्याकडे बोट केलं. "तो कवडा असंल, आत्याबाई."

"तर आजच काप त्याला," असं म्हणून सासूबाई कोयती आणायला वळल्या.

खतीजाबीनं कवड्याला उचललं, पुन्हा कानाशी धरलं, मांडीवर ठेवलं आणि त्याच्यावर हात ठेवूनच माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ही आता काहीतरी निमित्त काढील, मला आडोशाला नेईल, झाकून घेईल. तिनं तसलं काही केलं नाही.

"वयनी, कोयती ठेव," ती म्हणाली. "कोंबडे सगळे बरे हाईत. वाजते ती तुझी सून."

अर्ध्या वाटेतून परत फिरून सासूबाईंनी एकच शब्द उच्चारला, "क्षय?"

"तो ऐकल्याबिगर कसा सांगू?" खतीजाबीनं मला पायरीखाली बसवलं. "ताप येतो?" नाही. "रगत पडतं?" नाही. "जेवतेस?"

मी तोंड उघडायच्या आत शेवंता गडग्यावरून म्हणाली, "चार भाकऱ्या. नि पेज येगळी."

"क्षयवाली चार भाकऱ्या नाय खात," असं म्हणून खतीजाबीनं माझ्या पाठीला कान लावला. बाळ्या गार लागल्या. मी कोंबड्यासारखी गप्प झाले. नवांना त्या कानाशी धरलं होतं तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते मला कळलं. मग ती उठली आणि सासूबाईंना म्हणाली, "हकडं ये. तू पण ऐक."

"मना काय कळतंय?"

"तू आठ दिवस कोंबड्यांची घरघर ऐकलीस ना? ती ओली व्हती, पाण्यातली. आता ही ऐक."

सासूबाई माझ्यामागे बसल्या. त्या घरात येऊन मला सात महिने झाले होते आणि त्यांनी मला हात असा कधी लावला नव्हता. लावायचं कारणही नव्हतं. आता त्यांचा कान माझ्या पाठीवर टेकला. त्यांच्या केसांतल्या खोबरेलाचा वास आला.

"सुकी हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "शीळ घातल्यावानी."

"दमा हाय तो. माझा भाव असाच वाजतो लहानपणापासनं. पन्नाशीला आलाय, अजून गलबतावर जातो. ही लागत नाय कुणाला. ही मरत नाय. हिला धुरात नि तुसात घालू नको, की झालं."

"तुझ्या भावाचं सांगू नको. उद्या हिनं रगत टाकलं तर? वाडी मना काय म्हणंल?"

खतीजाबीनं पानाची पिंक गडग्यापलीकडे टाकली. "हिनं पावसापर्यंत एक थेंब रगत टाकलं, तर मी ह्या पाखाडीवर पाय ठेवायची नाय. ह्या वाडीचा एक कोंबडा उचलायची नाय. सांग सगळ्यांना माझ्या नावानं." आमच्या वाडीत बारा घरं होती, आणि तिच्या डालीतले निम्मे तलंगे आमच्याच वाडीचे असत. मला त्या दिवशी त्याचा अर्थ पुरता कळला नाही. पुढे स्वतःच्या संसारात चूल पेटती ठेवायची वेळ आली तेव्हा कळला.

सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "लपवलंत मायलेकींनी."

"मीच लपवलं."

"कोंबडी म्हणून सांगितलंस मना. दोन तलंगे मेले तुझ्यापायी. आठ दिवस बसून मी तुझं औषध वळलं नि कोंबड्यांच्या नरड्यात घातलं."

आता वाचवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून मी खरं बोलले. "निम्मं मी खाल्लं."

खतीजाबी एवढ्या मोठ्यानं हसली की कवडा तिच्या मांडीवरून उडाला. सासूबाईंच्या ओठाची एक कड हलली, पण त्यांनी ती लगेच जागेवर आणली. "रांडेच्यांना गुण कसा येणार मग," असं पुटपुटत त्या आत गेल्या. मला ठेवणार की पोचवणार, ते त्या बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. फक्त संध्याकाळी माझी गोधडी पडवीतून उचलून त्यांनी माजघरात खिडकीखाली टाकली. ती तिथून पुढे खिडकीबाहेर जाणार की काय, या विचारात मी राखणीपर्यंतचे पाच दिवस काढले. ट्रंक भरूनही ठेवली होती.

राखणीला वाडीतले पुरुष आणि बायकापोरं आमच्या मळ्याच्या कडेला जमली. गाऱ्हाणं घालायला धोंडूतात्या, वाडीतले सर्वांत वयस्कर. तांबडा तात्यांच्या हातात तकतकीत, एक शिंक नाही. तात्यांनी राखणदाराला हाक घातली, जमीन सांभाळ, मुंबईत असलेल्यांना सांभाळ, गुरंढोरं सांभाळ, प्रत्येकाला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. गाऱ्हाणं संपत आलं तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. "तात्या, आणखीन एक घाला."

"सांग."

"माझी सून देशावरनं आलीय. तिला दमा हाय, लागणारा नाय. तिची छाती सांभाळ म्हणावं. ती हकडंच ऱ्हाणार हाय."

वाडीत कुजबूज झाली. तात्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा राखणदाराकडे, आणि शब्द न शब्द तसाच घातला. मग शेवंतानं एकटीनं, बारीक आवाजात "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि मागोमाग सगळ्यांनी. मी म्हणू शकले नाही. मी वाजत होते, उघड, भर दुपारी, आणि पहिल्यांदाच ते थांबवायचा प्रयत्न करत नव्हते. रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी रश्श्याची पहिली वाटी माझ्यापुढे ठेवली, गरम, भरपूर मिरी घातलेली. म्हणाल्या, "घी. हे मात्र सगळं तुझ्याच नरड्यात जाऊ दी." तांबड्याला मी पोरासारखा वाढवला होता. दोन वाट्या प्याले.

शिमग्याला खतीजाबी आली तेव्हा मी तिला विचारलं, तुमच्यासाठी काय करू. ती म्हणाली, "पुढच्या विणीतली एक तलंग नि दोन तलंगे माझ्या घरी आणून दी. विकायला नाय गो, पाळायला. तुझ्या हातची. तुझा हात चांगला हाय." तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. मी हो म्हटलं. पुढच्या विणीला मुंगूस पडलं. त्यापुढच्या विणीच्या आत आमच्या ह्यांचं पत्र आलं आणि मी मुंबईला गेले. तिथल्या खोलीत माणसांनाच जागा नव्हती. मग मुलं, मग हे, मग ते. मी परतले तेव्हा खतीजाबी राहिली नव्हती. हा उशीर मी कुठल्याही कोंबडीच्या नावावर घालणार नाही.

तिची नात मिरकरवाड्यात असते, जाळी विणायचं काम चालतं त्या गल्लीत. कुणाकडून तरी कळलं की आजीच्या बाळ्या तिनं जपून ठेवल्या आहेत. गेल्या महिन्यात मी मुलाकडून परसात खुराडं बांधून घेतलं, भोकं सातच्या जागी नऊ ठेवली. एक गावठी कोंबडी अंड्यांवर बसली आहे. मुलगा म्हणतो, आई, तुला पंपाशिवाय जिना चढवत नाही, तू डाल घेऊन रत्नागिरीला कशी जाणार. जाईन. पिल्लं मोठी झाली की एक तलंग आणि दोन तलंगे घेऊन एकदा जाईन, आणि त्या पोरीला सांगेन, एकेकाला कानाशी धरून बघ. तिघांतला एकही वाजायचा नाही. आवाज आला तर कवड्याला दोष देऊ नकोस, तो दारात उभ्या असलेल्या म्हातारीचा आहे.